मुक्काम कोठे करावा?

सुट्टी जवळ आली म्हणजे घरोघर पहिली चर्चा होते ती कोठे जावयाचे याची. कोणी डोंगर म्हणतो, कोणी देवस्थान म्हणतो, मुले समुद्र म्हणतात आणि बहुधा मुलांचाच जय होतो. मग गाडीची तिकिटे, रजेचा अर्ज, शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवण्याची व्यवस्था, हे सर्व यथासांग पार पडते. राहतो तो एकच प्रश्न : उतरावयाचे कोठे? तो आपण अगदी शेवटी, चार छायाचित्रे पाहून आणि दरांवर नजर टाकून, पाच मिनिटांत निकालात काढतो. वाचकहो, मीही पुष्कळ वर्षे असेच करीत आले. त्या पाच मिनिटांची किंमत माझ्या घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाला मोजावी लागली, म्हणून हे चार शब्द लिहावेसे वाटले.

आमचे घर चार माणसांचे. आम्ही दोघे, नऊ वर्षांचा मुलगा आणि माझ्या सासूबाई. सासूबाईंचे माहेर हर्णैचे. समुद्राच्या गाजेत वाढलेले हे माणूस लग्नानंतर जे शहरात आले ते तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत कायमचे स्थिरावले. वर्षातून एकदा समुद्र दिसावा एवढीच त्यांची हौस. आमची मिळकत बेताची. महागड्या हॉटेलात राहण्याची ऐपत नाही आणि अगदी स्वस्तातले हॉटेल म्हाताऱ्या माणसाला सोसत नाही. अशी कुटुंबे आपल्या देशात लक्षावधी असतील. मधल्या दराच्या हॉटेलाचा प्रश्न हा खरोखर त्यांचा प्रश्न आहे.

तीन वर्षांपूर्वी आम्ही पश्चिम किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात जागा ठरविली. छायाचित्रे सुरेख होती. काचेची दारे, कारंजे, पलंगावर टॉवेलाचा केलेला हंस. आम्हाला पोहोचायला रात्रीचे साडेदहा वाजले. सासूबाईंना मधुमेह आहे. त्यांची गोळी वेळेवर घेऊन झाली होती, पण जेवण झाले नव्हते. काउंटरवरच्या तरुणाने अत्यंत सौजन्याने सांगितले की, स्वयंपाकघर दहालाच बंद होते. तेवढ्यात सासूबाईंना दरदरून घाम सुटला, हात कापू लागले आणि बोलणे अडखळू लागले. साखर उतरली होती. मी चमचाभर साखर मागितली. चहासाखरेच्या पुड्या खोलीत ठेवलेल्या असतात, असे उत्तर आले. खोली तिसऱ्या मजल्यावर होती. हे रस्त्याकडे धावले, बंद होत असलेल्या एका टपरीवाल्याला थांबविले आणि पेलाभर गोड चहा घेऊन आले. दहा मिनिटांत सासूबाई सावरल्या. त्या दहा मिनिटांत माझा मुलगा कारंज्याच्या काठावर बसून रडत होता.

दुसऱ्या दिवशी त्या किनाऱ्यावर आल्याच नाहीत. परतल्यावर एवढेच म्हणाल्या, “आता मला कुठं नेऊ नका. माझ्यापायी तुमची सुट्टी वाया जाते.” त्यानंतर दोन वर्षे त्या गावाबाहेर पडल्या नाहीत. सख्ख्या भाचीच्या लग्नालाही गेल्या नाहीत.

त्या तरुणाने नियमाबाहेर काहीच केले नव्हते. चूक आमची होती. आम्ही खोलीचे क्षेत्रफळ विचारले होते, समुद्र खिडकीतून दिसतो का तेही विचारले होते. पण अवेळी आलेल्या माणसाचे तेथे काय होते, हे विचारले नव्हते. हा प्रश्न विचारावयाचा असतो हे मला पुढे शिकविले ते दोनशे वर्षांपूर्वीच्या एका पत्राने.

माझे काम भाषांतराचे व संपादनाचे. गेल्या वर्षी तंजावरविषयीचा एक लेख मराठी करण्यासाठी माझ्या मेजावर आला. तंजावरशी मराठी माणसाचे नाते आपणास ठाऊक आहेच. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी इ. स. १६७६ च्या सुमारास तेथे भोसल्यांचे राज्य स्थापिले आणि ते १८५५ पर्यंत या ना त्या रूपाने टिकले. त्या घराण्यातले दुसरे सरफोजीराजे १७९८ साली गादीवर आले. पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला. किल्ला आणि मानमरातब तेवढा राजाकडे उरला. अशा वेळी, १८०१ साली, सरफोजीराजांनी कंपनीच्या तंजावर येथील रेसिडेंटला एक पत्र लिहिले. विषय होता रामेश्वराच्या वाटेवरची छत्रे. ती आपल्याकडेच राहावीत, अशी त्यांची विनंती होती.

‘छत्र’ या शब्दापाशी माझी लेखणी अडली. तमिळमध्ये त्याला सत्तिरम् म्हणतात. धर्मशाळा म्हणावे, तर येथे नुसता निवारा नव्हता. अन्नछत्र म्हणावे, तर येथे नुसते अन्नही नव्हते. पत्रात राजे सांगतात की, वाटसरू कोणत्याही जातीचा असो, ब्राह्मणापासून ज्याला अस्पृश्य मानीत त्याच्यापर्यंत, प्रत्येकाला छत्रात भात मिळतो. जोगी, जंगम, बैरागी यांनाही मिळतो. शिजवलेले अन्न ज्याला चालत नाही त्याला शिधा आणि सोबत मसाल्याचे जिन्नस मिळतात. अन्नछत्री जेवून वर मिरपूड मागणाऱ्याला आपली म्हण हसते, पण तंजावरच्या छत्रांत ती मिरपूड आधीच काढून ठेवलेली असे! वाटेत आजारी पडलेल्याला पुन्हा चालू लागेपर्यंत औषध आणि पथ्याचे अन्न मिळे. सर्पदंशावर उपाय जाणणारे वैद्य तेथे असत. बाळंतिणीची सर्व व्यवस्था होई, तान्ह्या मुलांसाठी दूध असे आणि ज्याचे आईबाप प्रवासात दगावले त्या मुलाचा सांभाळ छत्राचा शिक्षक करी.

आणि या सर्वांवर कळस म्हणजे मध्यरात्रीची घंटा. दिवसभर अन्नदान चाले. मध्यरात्र झाली की घंटा वाजवीत आणि पुकारा करीत : ज्याचे अजून जेवण झाले नसेल त्याने यावे. या वाक्याचे मराठी करताना माझ्या डोळ्यांपुढे काचेची दारे उभी राहिली, कारंजे उभे राहिले आणि माझा हात थांबला.

त्या काळच्या पंक्ती वेगवेगळ्या असतील. जातिभेदाच्या ज्या भिंती समाजात होत्या त्या छत्राच्या ओसरीवरही असणारच, आणि ते दोष लपविण्याचे कारण नाही. पण घंटा ऐकून येणाऱ्याला परत पाठवीत नसत, एवढे खरे. राज्य गेलेल्या राजाला दुसऱ्याच्या दारी जाऊन मागावेसे वाटले ते हे.

लेख छापून झाला, पण ती घंटा काही केल्या डोक्यातून जाईना. शेवटी एका रात्री जेवणे झाल्यावर मी सासूबाईंना ते पत्र वाचून दाखविले. त्यांनी सगळे नीट ऐकून घेतले. घंटेपाशी आल्यावर म्हणाल्या, “असं होतं होय!” मी धीर करून विचारले, “आई, तिकडे जाऊ या का? तिकडेही समुद्र आहे.” त्या काही बोलल्या नाहीत. पण नाही असेही म्हणाल्या नाहीत.

वाचकहो, पूर्व किनाऱ्याची सहल ठरविताना ऋतूचा विचार आधी करावा. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून येतो आणि दसऱ्यापर्यंत सरतो. तमिळ किनाऱ्यावर मुख्य पाऊस ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत ईशान्येकडून येतो आणि वादळेही बहुधा त्याच दिवसांत येतात. म्हणून आम्ही पोंगलनंतरचा, जानेवारीअखेरचा आठवडा धरला. त्या वेळी कावेरीच्या मुखाकडील त्या सपाट प्रदेशात भाताची कापणी चालू असते, हवा सुखाची असते आणि आकाश स्वच्छ असते.

दोन रात्री तंजावरात आणि तीन रात्री समुद्रकाठी तरंगमबाडीस, असा बेत ठरला. तंजावरपासून तरंगमबाडी सुमारे शंभर किलोमीटर आहे. गाव लहानसे, पण जुने. १६२० साली तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून डेन्मार्कच्या लोकांनी तेथे वखार घातली व डॅन्सबोर्ग नावाचा किल्ला बांधला. १८४५ साली त्यांनी ते ठाणे इंग्रजांना विकले. ज्या श्वार्ट्झ नावाच्या मिशनऱ्याने सरफोजीराजांना लहानपणी शिकविले, तोही १७५० साली याच गावी आला होता. तेव्हा त्या गावाशी तंजावरकरांचा ऋणानुबंध जुनाच म्हणावयाचा.

आता उतरण्याच्या जागेचा शोध. या खेपेस मी छायाचित्रे बाजूला ठेवली आणि सरफोजीराजांच्या पत्रावरून प्रश्नांची यादी केली. आपल्याही उपयोगी पडेल म्हणून ती येथे देते.

पहिला प्रश्न : आम्ही रात्री अकराला पोहोचलो तर खावयास काय मिळेल? “स्वयंपाकघर दहाला बंद होते” हे उत्तर नव्हे. “ताकभात झाकून ठेवू” हे उत्तर होय. दुसरा : तळमजल्यावर खोली आहे काय, आणि दारापासून पलंगापर्यंत पायऱ्या किती? तिसरा : रात्री इमारतीत जागे कोण असते, आणि डॉक्टर किती अंतरावर आहे? चौथा : आजारी माणसासाठी बिनतिखटाचे काही करून मिळेल काय? पाचवा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : आमच्या गाडीचा ड्रायव्हर कोठे झोपेल आणि काय जेवेल?

हा पाचवा प्रश्न ऐकून पुष्कळांना नवल वाटते. पण ज्या हॉटेलात ड्रायव्हरला गाडीतच पाय मुडपून झोपावे लागते, तेथे पाहुण्याची किंमत त्याच्या खिशावरून ठरते हे निश्चित समजावे. आज आपला खिसा त्यांच्या दराला पुरतो म्हणून आपले स्वागत होते. आपल्याला अडचण आली की आपणही त्यांच्या दृष्टीने ड्रायव्हरच.

मी तीन ठिकाणी दूरध्वनी केला. पहिल्या ठिकाणी सर्व माहिती संकेतस्थळावर आहे असे सांगून बोलणे आटोपते घेण्यात आले. दुसऱ्या ठिकाणी चार प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली, पाचव्याला मात्र पलीकडचा माणूस हसला. तिसरी जागा म्हणजे कौलारू छपराचे, लाकडी खांबांचे एक जुने घर होते. थोड्या खोल्या पाहुण्यांना देत. दर आमच्या आवाक्यातला, खोलीला दिवसाचे तीन हजारांच्या आत. दूरध्वनीवर एक वृद्ध गृहस्थ होते. मोडक्या हिंदीत त्यांनी माझ्या प्रश्नांची उत्तरे दिली. ड्रायव्हरसाठी मागच्या पडवीत खाट आहे आणि जेवण सगळ्यांसारखेच, असे म्हणाले. मग त्यांनीच विचारावयास सुरुवात केली. बरोबर म्हातारे कोणी आहे काय? गुडघे दुखतात काय? साखरेचा त्रास आहे काय? मूल किती वर्षांचे? जे घर आपणहून असे प्रश्न विचारते, तेथे बिनदिक्कत उतरावे, असे मी आता सर्वांना सांगते.

तंजावरातले दोन दिवस आनंदात गेले. राजराज चोळाने हजार वर्षांपूर्वी बांधलेल्या बृहदीश्वराच्या मंदिरात सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला आहे. सासूबाई त्या भिंतीपाशी बराच वेळ उभ्या होत्या. दूरदेशी आपली अक्षरे दगडावर भेटली की पाय निघत नाही. दुसऱ्या दिवशी पट्टुकोट्टैच्या रस्त्याने ओरत्तनाड येथे जाऊन आम्ही मुक्ताम्बाळ छत्र पाहिले. सरफोजीराजांची प्रिय सहचरी मुक्ताम्बाळ हिच्या नावाने ते १८०२ साली उभारले गेले. तिची अखेरची इच्छाच तशी होती, असे सांगतात. इमारतीने काळाचा मार पुष्कळ सोसला आहे, पण दगडात कोरलेले हत्तीघोडे अजून ते छत्र रथासारखे ओढीत आहेत. माझ्या मुलाने विचारले, “आई, घंटा कुठे आहे?” घंटा आम्हाला दिसली नाही.

त्या संध्याकाळी आम्ही तरंगमबाडीस निघालो आणि जे होऊ नये तेच झाले. कुंभकोणम् ओलांडल्यावर गाडीचे एक चाक पंक्चर झाले, आणि ते बदलून दहा मैल जातो न जातो तोच दुसरे बसले. अंधारात, भातशेतांच्या मधोमध, आम्ही दोन तास उभे होतो. या खेपेस माझ्या पिशवीत ग्लुकोजचा पुडा, केळी आणि बिस्किटे होती. मधुमेही माणूस बरोबर असता ही शिदोरी हातावेगळी करू नये, हा धडा आम्ही गिरविला होता. सासूबाईंनी केळे खाल्ले. पण त्या गप्प गप्प होत्या. एकदाच म्हणाल्या, “बघ, मी आले की असंच होतं.”

मी त्या घरी दूरध्वनी करून उशीर होईल असे कळविले. तिकडून एवढेच उत्तर आले : “या.”

आम्ही पोहोचलो तेव्हा पावणेबारा वाजले होते. गल्ली झोपलेली होती. एका घराच्या ओट्यावर तेवढा दिवा होता आणि दिव्याखाली ते वृद्ध गृहस्थ वर्तमानपत्राने वारा घेत बसले होते. समुद्र दिसत नव्हता, पण त्याचा आवाज भरून राहिला होता. गृहस्थ उठले, त्यांनी सासूबाईंना हात दिला आणि सामानाकडे न पाहता आम्हाला सरळ स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत नेले. मऊ भात, रसम्, ताक आणि वाफवलेली भाजी. सासूबाईंनी रसम् चाखले आणि दोन वर्षांत प्रथमच प्रवासात त्यांचा चेहरा उजळला. “अगं, हे तर आपलं सार!” त्या म्हणाल्या. यजमानांना मराठी येत नव्हते, सासूबाईंना तमिळ येत नव्हते, पण दोघे जेवण संपेपर्यंत आपापल्या भाषेत बोलत होते आणि दोघांचेही समाधान होत होते. ड्रायव्हर शेजारच्या पाटावर जेवत होता. सर्वांना वाढून झाल्यावर त्या गृहस्थांनी आपले पान घेतले. तेही तोवर जेवायचे थांबले होते.

त्या घरात उणीव नव्हती असे मी म्हणणार नाही. खाऱ्या वाऱ्याने खिडक्यांच्या बिजागऱ्या गंजल्या होत्या, न्हाणीघरातला नळ कुरकुरत होता, पांघरुणे किंचित दमट होती. समुद्रकाठच्या जुन्या घरात हे होणारच. जुने खांब आणि कौले पाहून भुलू नये, हेही सांगितले पाहिजे. जुनेपणाचा बाजार मांडून चौपट दर घेणाऱ्या जागा आज थोड्या नाहीत. घराला व्यक्तिमत्त्व येते ते त्यात वावरणाऱ्या माणसांमुळे. खांब नवे असले तरी चालतील.

पहाटे मला जाग आली तेव्हा सासूबाईंचा पलंग रिकामा होता. माझ्या काळजाचा ठोका चुकला. धावत बाहेर आले, तो त्या ओट्यावरही नव्हत्या. गल्लीच्या टोकाशी, किल्ल्यासमोरच्या वाळूत, माझ्या मुलाचा हात धरून त्या उभ्या होत्या. पाण्यात उतरल्या नव्हत्या. तो किनारा अवखळ आहे, लाटा जोराच्या असतात. २००४ सालच्या डिसेंबरातल्या त्सुनामीने याच गावात केवढा अनर्थ केला, हे यजमानांनी त्यांना रात्रीच हातवाऱ्यांनी सांगितले होते. पूर्वेकडे पाणी तांबूस होत चालले होते. मी जवळ गेले. त्यांनी वळूनही पाहिले नाही.

“हर्णैला सूर्य समुद्रात बुडतो,” त्या म्हणाल्या. “जन्मभर बुडतानाच पाहिला. वर येतो तो आज पाहते आहे.”

त्यांचे वय एकाहत्तर आहे.

तीन दिवसांत त्या रोज पहाटे तेथे गेल्या. निघण्याच्या दिवशी यजमानांचे पैसे चुकते करताना मी त्यांना सरफोजीराजांच्या छत्रांची आणि मध्यरात्रीच्या घंटेची गोष्ट सांगितली. त्यांना ती ठाऊक होती. ते म्हणाले, “उशिरा येणारा फार भुकेलेला असतो. त्याला वाढण्यात पुण्य जास्त.” आणि पावती लिहू लागले.

वाचकहो, आपण या सुट्टीत गोव्याला जा, कोकणात जा, पुरीला जा किंवा कन्याकुमारीला जा. जागा ठरविण्यापूर्वी एक दूरध्वनी अवश्य करा, आणि खोलीतून समुद्र दिसतो का हे विचारण्याआधी वरचे पाच प्रश्न विचारा. आपल्याबरोबर म्हातारे माणूस असेल तर विचाराच, पण नसले तरी विचारा. कारण अवेळ कोणावर आणि केव्हा येईल हे सांगता येत नाही.

परतीच्या गाडीत सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. बऱ्याच वेळाने त्यांनी मला हाक मारली आणि विचारले, “पुरीला जायला गाडी कुठून असते गं?”